दादोबा पांडुरंग आणि दुसरा जन्म

सुरतेचे नाव निघाले म्हणजे मराठी वाचकास शिवछत्रपतींच्या १६६४ व १६७० सालच्या स्वाऱ्या आठवतात, आणि या शहराशी असलेला आपला संबंध तेथेच संपला असे त्यास वाटते. शहराच्या पूर्वेस रेल्वेच्या रुळांपलीकडे लिंबायत म्हणून जो भाग आहे, तेथे खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेल्या मराठी कुटुंबांची दाट वस्ती आहे. या वस्तीतील तरुणांसही आपण येथे कालपरवा आलो असेच वाटत असते. त्यांच्यासाठी आणि आमच्या इतर वाचकांसाठी येथे एका मराठी शिक्षकाची हकीकत सांगावयाची आहे. हा शिक्षक १८४६ पर्यंत काही वर्षे सुरतेस इंग्रजी शाळेत शिकवीत होता, आणि ख्रिस्ती धर्मातील ‘दुसऱ्या जन्मा’च्या शिकवणीचा विचार त्याने पुढे जितक्या निर्भयपणे केला, तितका त्या काळी फार थोड्या हिंदूंनी केला असेल. त्याचे नाव दादोबा पांडुरंग तर्खडकर. मराठीचे व्याकरणकार म्हणून ते सर्वांस ठाऊक आहेत. आम्हांस येथे व्याकरणाशी कर्तव्य नाही.

प्रथम ती शिकवण काय होती ते पाहिले पाहिजे. योहानाच्या शुभवर्तमानात निकदेम नावाचा एक प्रतिष्ठित यहुदी शास्त्री रात्रीच्या वेळी येशूकडे येतो. तो धर्मसभेचा सभासद. म्हणजे आमच्यासारख्या वकिलांच्या जातकुळीतलाच म्हणावयाचा. मनुष्याने पुन्हा जन्मल्यावाचून ईश्वराचे राज्य त्यास दिसणार नाही असे येशू सांगतो, आणि म्हातारा मनुष्य आईच्या उदरात परत कसा शिरणार असा शब्दशः अर्थाचा प्रश्न निकदेम विचारतो. मूळ ग्रीक भाषेतील ‘आनोथेन’ या शब्दाचे ‘पुन्हा’ आणि ‘वरून’ असे दोन्ही अर्थ होतात. येशू एका अर्थाने बोलत होता, शास्त्रीबुवांनी दुसरा धरला. याच ग्रंथांत ‘तारणे’ आणि ‘रोग्यास बरे करणे’ या दोहोंसही ‘सोझो’ हे एकच क्रियापद येते, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तारण म्हणजे केवळ मरणोत्तर सुटका नव्हे. दुभंगलेला मनुष्य पुन्हा अखंड होणे, हा अर्थ त्या शब्दातच आहे.

पहिल्या दोन-तीन शतकांत हा जन्म घाईने उरकत नसत. दीक्षेच्छूने तीन वर्षेपर्यंत उपदेश ऐकावा, त्याचे आचरण कसे आहे याची विचारपूस व्हावी, मग त्यास स्नान घालावे, असा नियम एका प्राचीन विधिग्रंथात आढळतो. स्नानानंतर त्या नवजातास दूध आणि मध देत. आमच्याकडे जातकर्मात बालकास मध व तूप चाटवितात, आणि आचार्य ब्रह्मचाऱ्यास तीन रात्री गर्भाप्रमाणे उदरी धारण करतो अशी कल्पना अथर्ववेदात आहे. ‘द्विज’ हा शब्द नित्य उच्चारणाऱ्या आमच्या समाजास ही शिकवण परकी वाटण्याचे वास्तविक कारण नव्हते.

ती परकी झाली, नव्हे भयप्रद झाली, ती राजसत्तेमुळे. ३८० साली रोमन बादशहाने ख्रिस्ती मत हाच साम्राज्याचा धर्म असे फर्मान काढले, आणि आतल्या मनुष्याचा जन्म हळूहळू सरकारदरबारच्या नोंदीचा विषय होऊन बसला. त्याचे टोक आपल्या पूर्वजांनी गोमंतकात पाहिले. अनाथ हिंदू मुलांना ताब्यात घेऊन त्यांस बाप्तिस्मा द्यावा अशी पोर्तुगीज राजाज्ञा १५५९ साली निघाली, आणि पुढे ‘अनाथ’ याचा अर्थ केवळ ‘पितृहीन’ असा लावण्यात आला. आई जिवंत असली तरी मूल अनाथच! कायद्यातील एका शब्दाची व्याख्या ताणल्याने किती घरे उद्ध्वस्त होतात याचे याहून क्रूर उदाहरण आमच्या वाचनात नाही. श्रीमंगेश कुशस्थळीहून आणि श्रीशांतादुर्गा केळोशीहून नदी ओलांडून अंत्रुजात गेली, ती याच शतकात. ज्यांच्या कुळाचा इतिहास या वाटेने आला, त्यांनी ‘बाप्तिस्मा’ शब्द ऐकताच कान झाकून घेतले तर त्यांस दोष कोण देईल?

इंग्रजी अमलात तलवार नव्हती, पण खटले होते. दादोबा सुरतेस असताना, १८४३ साली, मुंबईत नारायण शेषाद्रीने बाप्तिस्मा घेतला. त्याचा सुमारे बारा वर्षांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहत होता, तो परत मिळावा म्हणून बापाने सुप्रीम कोर्टात अर्ज केला, आणि कोर्टाने मुलगा बापाच्या स्वाधीन केला. पण खरी अडचण त्यानंतरची. मिशनऱ्यांच्या घरचे अन्न खाल्लेल्या त्या पोरास जातीत घ्यावे की नाही यावर मुंबईत रण माजले. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्ताचा पक्ष घेतला आणि सनातन्यांचा रोष पत्करला. कोर्टापुढे प्रश्न होता मुलाच्या वयाचा, जातीपुढे होता त्याने खाल्लेल्या अन्नाचा; त्याच्या मनात काय घडले हे दोन्ही ठिकाणी गौणच ठरले. आमच्या जुन्या धर्मशास्त्रातही पतिताचा घटस्फोट करून तो मेला असे समजून उदक सोडण्याचा विधी होताच. अशा रीतीने तिकडच्या दुसऱ्या जन्माचा इकडे अर्थ झाला जिवंतपणीचा मृत्यू. धर्मांतराने वारसाहक्क बुडू नये म्हणून १८५० साली सरकारने एकविसावा कायदा केला. त्याने मिळकतीची वाट मोकळी झाली, मनाची नव्हे.

या गदारोळात सुरतेच्या या गुरुजींनी काय केले? १८४३ सालीच त्यांनी ‘धर्मविवेचन’ नावाचा निबंध लिहिला, आणि २२ जून १८४४ रोजी दुर्गाराम मेहताजी प्रभृती गुजराती मित्रांसह सुरतेस मानवधर्मसभा स्थापन केली. दुर्गाराम, दादोबा, दलपतराम, दिनमणिशंकर, दामोदरदास अशी पाच ‘द’कारांची ती मंडळी. ईश्वर एक, मनुष्यजात एक, मंत्रतंत्र खोटे, असा त्यांचा साधा पक्ष होता. दादोबा १८४६ साली मुंबईस परतले. १८५२ साली दुर्गाराम राजकोटास गेल्यावर सभा थंडावली.

मुंबईत १८४९ साली निघालेल्या परमहंस सभेविषयी मात्र आमचे मत तितके अनुकूल नाही. सभासद होताना परजातीयाच्या हातचा पाव खावा लागे आणि सभेचे सारे काम गुप्त चाले. पाव खाल्ल्याने जात मोडते, माणूस नवा होत नाही. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी फुटली आणि सभाही फुटली. आंतरिक जन्माची खूण ताटात शोधण्याचा तोच जुना दोष सुधारकांतही उतरला होता.

दादोबांचा खरा शोध त्यानंतरचा आहे. इमानुएल स्वीडनबोर्ग (१६८८–१७७२) हा स्वीडनच्या खाणखात्यातील अधिकारी, पन्नाशीनंतर धर्मचिंतनाकडे वळलेला. त्याचे ग्रंथ दादोबांच्या हाती आले, आणि १८७८ साली लंडनहून त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले: स्वीडनबोर्गच्या ग्रंथांविषयी एका हिंदू गृहस्थाचे विचार, अशा अर्थाच्या नावाचे. स्वीडनबोर्गच्या मते बायबलातील सृष्टीचे सहा दिवस म्हणजे मनुष्याच्या नव्या जन्माच्या सहा पायऱ्या होत. हा जन्म एका क्षणात पाणी शिंपडून होत नाही. गर्भधारणा, वाढ, प्रसूती, संगोपन या क्रमानेच तो आयुष्यभर चालतो. मनुष्याची बुद्धी उंच चढू शकते, वासना मात्र खालीच राहते. बुद्धीस पटलेले चांगले वासनेने आपलेसे करीपर्यंत मनुष्य दुभंगलेलाच. धर्म कळतो पण वळत नाही, ही दुर्योधनाची म्हणून सांगितली जाणारी कैफियत याहून निराळी ती काय? नुसत्या श्रद्धेने तारण होते हे त्याला अमान्य होते, आणि बाप्तिस्मा न घेतलेले सदाचारी लोकही स्वर्गास जातात असे त्याने स्पष्ट लिहिले. प्रस्थापित चर्चला हे मत रुचले नाही यात नवल नाही. आमच्या समजुतीने मात्र ते निकदेमाच्या त्या रात्रीच्या पुष्कळ जवळ आहे.

ज्या पुस्तकात दादोबांनी ख्रिस्ती आचार्याचा इतका आदराने विचार केला, त्याच्या मुखपृष्ठावर त्यांनी स्वतःस ‘हिंदू गृहस्थ’ म्हणवून घेतले. वकिलाच्या नजरेस हे दोन शब्द महत्त्वाचे वाटतात. त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही, जात सोडल्याचा डांगोरा पिटला नाही, आणि शिकवण परक्याची म्हणून टाकलीही नाही. ‘धर्मविवेचन’ पंचवीस वर्षे पेटीत ठेवून १८६८ साली त्यांनी छापले, तेही ‘एक जगद्वासी आर्य’ या टोपणनावाने. यास कोणी भित्रेपणा म्हणेल. त्या काळी बहिष्काराचा अर्थ काय होता हे जाणणारा सहसा म्हणणार नाही. १८८० साली ‘पारमहंसिक ब्राह्मधर्म’ हा त्यांचा पद्यग्रंथ निघाला, आणि १८८२ साली ते वारले.

अ. का. प्रियोळकर या गोमंतकीय पंडितांनी १९४७ साली दादोबांचे आत्मचरित्र संपादून प्रसिद्ध केले, हे त्यांचे मराठीवरील ऋण होय. सुरतेतील दिवस त्यात सापडतात, पण ते कथन १८४७ च्या सुमारास थांबते. पुढील पस्तीस वर्षांत त्यांच्या मनाची घडण कशी झाली हे जाणण्यासाठी लंडनच्या त्या इंग्रजी पुस्तकाकडेच वळावे लागते.