पडद्यावरील दोष आणि त्यांचे निदान : ‘स्पेस इन्व्हेडर्स’ व ‘पॅक-मॅन’ यांच्या सर्किट-फलकांचा साक्षीपुरावा

नाणे टाकून खेळावयाच्या इलेक्ट्रॉनिक खेळांचा इतिहास बहुधा त्यांच्या कल्पकांच्या चरित्रांतून आणि कंपन्यांच्या नफ्यातोट्यांतून लिहिला गेला आहे. या इतिहासाचे एक साधन त्यामुळे उपेक्षित राहिले. ते साधन म्हणजे बिघडलेला सर्किट-फलक होय. नीट चालणाऱ्या फलकावर चित्र दिसते, परंतु ते कोणत्या वाटेने तयार झाले हे दिसत नाही. बिघाड झाला की ती वाट उघडी पडते. दुरुस्ती करणाऱ्यांनी गेल्या पाच दशकांत पडद्यावरील रेघा, तुटकी अक्षरे व चुकलेले रंग यांवरून जे ज्ञान मिळविले, त्याकडे केवळ कारागिरी म्हणून पाहणे योग्य ठरणार नाही.

१९७२ साली आलेल्या ‘पाँग’मध्ये प्रोग्रॅम नव्हता, आणि चित्र साठविण्याची स्मृतीही नव्हती. चेंडू, फळ्या व गुणसंख्या ही सारी तर्कद्वारे व गणक यांच्या जुळणीतून प्रत्यक्ष त्या क्षणी निर्माण होत. अशा फलकाचा दोष शोधणे सरळ होते. ऑसिलोस्कोप घेऊन पडद्याच्या बाजूने मागे मागे जावे, आणि जेथे स्पंद नाहीसे होतात तेथे थांबावे. पुढे १९७५ साली जपानच्या ताइतो कंपनीचा ‘वेस्टर्न गन’ हा तोमोहिरो निशिकादो यांनी रचलेला खेळ याच जुन्या पद्धतीने बाहेर पडला. पण अमेरिकेतील मिडवे कंपनीने तोच खेळ ‘गन फाइट’ या नावाने काढताना त्यात इंटेलचा ८०८० हा सूक्ष्मप्रक्रियक घातला. एकाच खेळाचे हे दोन देह दुरुस्तीच्या इतिहासात एक सीमारेषा आखतात. यापुढे चुकीचे चित्र दिसले तर चूक प्रोग्रॅमची, स्मृतीची की तारेची, हा प्रश्न आधी सोडवावा लागे.

निशिकादो यांनी १९७८ मध्ये सूक्ष्मप्रक्रियक वापरून ‘स्पेस इन्व्हेडर्स’ रचला. त्याची चित्ररचना अत्यंत उघड आहे. पडद्यावर २५६ गुणिले २२४ बिंदू असतात. प्रत्येक बिंदूस स्मृतीत एकच बिट, म्हणजे एकंदर ७,१६८ बाइट लागतात. आरंभीच्या यंत्रांत चित्र केवळ काळेपांढरे असून, रंगाचा आभास पारदर्शक रंगीत पट्ट्या लावून साधलेला असे. मिडवेच्या फलकावर प्रत्येकी ४,०९६ बिटांच्या १६ चिपा मिळून ८,१९२ बाइटांची स्मृती होते. तिचे पहिले १,०२४ बाइट प्रोग्रॅमच्या कामकाजासाठी आहेत आणि उरलेले सर्व पडद्यासाठी.

या आकड्यांतूनच निदान निघते. प्रत्येक चिप बाइटातील एकाच बिटाची धारक असल्यामुळे ती बिघडली म्हणजे दर आठवा बिंदू बिघडतो. यंत्रातील चित्रनळी आडवी फिरवून बसविलेली असते. म्हणून खेळाडूच्या दृष्टीने त्या दोषाच्या समांतर आडव्या रेघा उमटतात, आणि त्या बत्तीस असतात. आता सोळा चिपांच्या आठ-आठच्या दोन रांगा धरल्या तर पहिल्या रांगेत कामकाजाची स्मृती व पडद्याचे डावीकडील ९६ स्तंभ येतात. दुसरीत उजवीकडील १२८ स्तंभ येतात. रेघा केवळ उजव्या भागातच असतील तर दोष दुसऱ्या रांगेतील एका चिपेत आहे, आणि ओळीतील त्यांचे स्थान पाहून कोणत्या चिपेत तेही सांगता येते. उलटपक्षी, पहिल्या रांगेतील चिप पुरती निकामी झाली तर रेघा शांतपणे मोजण्याची संधीच मिळत नाही. प्रोग्रॅमच्या परतीचे पत्ते त्याच रांगेत लिहिलेले असल्यामुळे प्रक्रियक भरकटतो आणि पडद्यावर निश्चल कचरा उरतो. मोठा गोंधळ म्हणजे मोठा बिघाड, ही नवशिक्याची समजूत येथे साफ खोटी ठरते.

याच फलकावर आणखी एक भाग आहे. ८०८० ला एका आज्ञेत अनेक बिटे सरकविता येत नाहीत, म्हणून हे काम करणारे स्वतंत्र सर्किट जोडलेले आहे. प्रक्रियक त्यास बाइट देतो, किती सरकवावयाचे ते सांगतो, आणि उत्तर परत घेतो. आक्रमकांची चित्रे या वाटेने जातात; गुणसंख्या व अक्षरे मात्र तशीच स्मृतीत लिहिली जातात. तेव्हा अक्षरे स्वच्छ आणि आक्रमक तेवढे छिन्नभिन्न, असे दिसल्यास स्मृतीच्या चिपा उपसत बसण्याचे कारण नाही.

१९८० साली नामको कंपनीने काढलेल्या ‘पॅक-मॅन’मध्ये मात्र वेगळाच विचार आहे. तोरू इवातानी यांच्या या खेळात पडदा २२४ गुणिले २८८ बिंदूंचा असूनही बिंदूंची नोंद कोठेच नाही. पडद्याचे आठ गुणिले आठ बिंदूंचे चौकोन पाडलेले असून स्मृतीत प्रत्येक चौकोनासाठी दोनच गोष्टी असतात: चित्राचा क्रमांक आणि रंगाचा क्रमांक. प्रत्यक्ष आकार ४,०९६ बाइटांच्या एका कायम स्मृतीत, आणि पॅक-मॅन, भुते यांसारख्या हलत्या आकृती तेवढ्याच दुसऱ्या कायम स्मृतीत ठेवलेल्या आहेत. त्यांतून निघालेले बिंदू २५६ नोंदींच्या रंग-कोष्टकातून व ३२ बाइटांच्या रंगपेटीतून जाऊन अखेरीस रोधकांच्या द्वारे चित्रनळीकडे जातात; तांबड्यास तीन बिटे, हिरव्यास तीन, निळ्यास दोन.

ही साखळी ज्याला पाठ आहे त्याला पडद्यावरील चूक वाचता येते. अक्षरांचे क्रमांक ४१ पासून (षोडशमान पद्धतीने) वर्णानुक्रमाने आहेत आणि रिकाम्या जागेचा क्रमांक ४० आहे. आकारांच्या स्मृतीकडे जाणाऱ्या क्रमांकाचे सर्वांत कनिष्ठ बिट जर कायम ‘एक’वर अडकले, तर सर्व सम क्रमांक पुढच्या विषम क्रमांकांत बदलतात. ‘हाय स्कोअर’ ही इंग्रजी अक्षरांतील ओळ घेतली तर तीत ‘एच’च्या जागी ‘आय’ येतो, ‘आर’च्या जागी ‘एस’ येतो, आणि मधल्या मोकळ्या जागी ‘ए’ हे अक्षर उभे राहते. ‘जी’, ‘सी’, ‘ओ’, ‘ई’ ही अक्षरे मात्र जशीच्या तशी राहतात. अर्धी अक्षरे बरोबर व अर्धी चूक या विचित्र दृश्याचे कारण इतके साधे असते.

पुढचा प्रश्न, हे बिट अडकले कोठे? यंत्र चालू होताच प्रोग्रॅम स्वतः स्मृतींची परीक्षा घेतो. परीक्षा उत्तीर्ण होऊनही अक्षरे चूक दिसत असतील, तर प्रक्रियकाने लिहिलेले त्याला बरोबर परत मिळते आहे. म्हणजे दोष स्मृतीच्या पलीकडे, चित्राच्या वाटेवर आहे. तेथेही भेद करता येतो. चक्रव्यूह व अक्षरे बिघडली असून भुते शाबूत असतील, तर दोन्ही कायम स्मृतींना समाईक असलेली तार बहुधा निर्दोष, आणि दोष पहिल्या स्मृतीच्या पायापाशी किंवा सॉकेटात. आकार ठीक पण निळा रंग सर्वत्र नाहीसा, तर शोध शेवटच्या रोधकांपाशी किंवा त्याही पुढे जोडणीच्या तारेत. एकाच वस्तूचा रंग चूक, तर कोष्टक तपासावे. आकार व रंग दोन्ही बरोबर आणि जागा चुकलेली, असे असल्यास पत्ता देणारे सर्किट संशयित ठरते. या फलकावर अशा दोन जागी नामकोच्या खास चिपा असत. त्या जागी सामान्य चिपांचे छोटे उपफलक बसविलेलेही आढळतात.

तथापि पडद्यावरील प्रत्येक विकृती हा फलकाचा दोष नव्हे. पोथीत वाळवीने पाडलेले भोक आणि मूळ लेखकाचाच प्रमाद यांत जो फरक, तोच येथे करावा लागतो. ‘पॅक-मॅन’च्या २५६ व्या फेरीत पडद्याचा उजवा अर्धा भाग निरर्थक चिन्हांनी भरतो. फेरीचा क्रमांक एका बाइटात ठेवलेला असल्यामुळे तो तेथे शून्यावर येतो, आणि खाली फळे काढणारा प्रोग्रॅमचा भाग शून्य फळांऐवजी २५६ फळे काढू पाहतो. आपली जागा संपल्यावर तो चक्रव्यूहावर लिहीत सुटतो. ही विकृती जो फलक दाखवीत नाही तोच मुळाबरहुकूम नाही. ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये आक्रमक मारले जातात तसतशी उरलेल्यांची गती वाढते, हेही असेच. प्रोग्रॅम पडद्याच्या प्रत्येक फेरीत एकच आक्रमक हलवितो. ५५ आक्रमक असताना साऱ्यांची पाळी येण्यास सुमारे एक सेकंद लागतो, थोडे उरले की पाळी लवकर येते. यंत्राच्या मर्यादेतून निपजलेली ही गोष्ट खेळाचा प्राण ठरली.

व्यवसाय भरात असताना निदानाची साधनेही निघाली. १९७७ साली ह्यूलेट-पॅकार्डने स्वाक्षरी-विश्लेषक आणला. प्रक्रियकाला ‘काही करू नकोस’ ही एकच आज्ञा सतत दिली की तो सर्व पत्ते क्रमाने उच्चारीत राहतो. त्या वेळी फलकावरील कोणत्याही बिंदूपाशी जाणारा बिटांचा प्रवाह चार चिन्हांच्या स्वाक्षरीत उतरविता येतो. निर्दोष फलकावरील स्वाक्षऱ्यांची यादी हाताशी असली म्हणजे खेळाचे मर्म न कळणाराही दोष शोधू शके. अटारी कंपनीची ‘कॅट बॉक्स’ ही तपासणीपेटी याच तत्त्वावर होती. या पद्धतीचे बळ तीच तिची मर्यादा: तिला निर्दोष फलकाची आधी झालेली नोंद लागते. जुन्या खेळांचे उत्पादन थांबले, पुस्तिका विखुरल्या, आणि ‘निर्दोष’ कशाला म्हणावे याची साक्ष देणारे फारसे कोणी उरले नाही.

ही उणीव पुष्कळ अंशी भरून काढली ती १९९७ मध्ये निकोला साल्मोरिया यांनी आरंभिलेल्या ‘मेम’ या प्रकल्पाने. त्यात जुन्या फलकांचे वर्तन संगणकावर पुन्हा उभे केले असून कायम स्मृतींतील मजकुराच्या पडताळा-संख्याही नोंदविल्या आहेत. आज दुरुस्ती करणारा आपल्या फलकावरील चिप वाचून त्या नोंदीशी ताडून पाहतो. पण ती नोंदही कोणत्या तरी जुन्या फलकांवरूनच घेतलेली आहे. दोन स्वतंत्र फलकांचे वाचन जुळले तर ते विश्वसनीय. एकाच फलकावरून घेतलेले वाचन कालांतराने बिट गळालेल्या चिपेचेही असू शकते. फरक आढळला की आपली चिप चूक, असे गृहीत धरून ती पुसून टाकणाऱ्याने कदाचित एका वेगळ्या आवृत्तीचा शेवटचा पुरावा नष्ट केलेला असतो. प्रत्येक चिपेचा मजकूर आधी उतरून ठेवावा, मगच तीत बदल करावा, हा नियम म्हणूनच कारागिरांपेक्षा अभ्यासकांनी अधिक काटेकोरपणे पाळावयास हवा.

प्रत्यक्ष हाताच्या कामातही असाच पेच असतो. संशयित चिपेवर चांगली चिप पाय जुळवून ठेवण्याची जुनी युक्ती बाहेर जाणारी वाट आतून तुटली असेल तेथेच उपयोगी पडते. चिप चुकीचा संकेत जोराने रेटीत असेल तर वरची चिप तिच्यापुढे हतबल होते. मग चिप उतरवावी लागते. पाय कापून एकेक पाय डाख वितळवून काढला तर फलकावरील तांब्याच्या रेषा वाचतात, परंतु चिप जाते. अखंड चिप काढू पाहिले तर रेषा उखडण्याचे भय. बाजारात सहज मिळणाऱ्या स्मृतीच्या चिपेसाठी पहिला मार्ग निःशंक पत्करावा. नामकोच्या खास चिपेबाबत तो अपराध ठरेल.

अनेक फलकांवर मागील बाजूस बारीक तार ओढलेली दिसते. काही तारा कारखान्यातच, छपाईतील चूक सुधारण्यासाठी घातलेल्या आहेत. काही पुढे कोणा अनाम तंत्रज्ञाने तुटलेल्या रेषेवर जोडल्या. दोहोंची डाख जवळून पाहिली तर पुष्कळदा वेगळी ओळखू येते. जुनी तार ‘स्वच्छ’ करण्यापूर्वी तिचे छायाचित्र घेणारे फार थोडे आहेत.