सब्रिनाचा कायदा

सब्रिनाचा कायदा (सब्रिनाज लॉ) हा कॅनडातील ऑन्टारियो प्रांताचा कायदा आहे. जीवघेणी ॲलर्जी असलेल्या शालेय विद्यार्थ्यांचे संरक्षण हा त्याचा उद्देश आहे. हा कायदा इ.स. २००५ मध्ये संमत झाला आणि १ जानेवारी २००६ पासून अमलात आला. सब्रिना शॅनन या १३ वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूनंतर तो करण्यात आल्याने तिच्या नावाने ओळखला जातो. शाळांवर याबाबतची जबाबदारी कायद्याने टाकणाऱ्या सुरुवातीच्या कायद्यांमध्ये त्याची गणना होते.

वैद्यकीय पार्श्वभूमी

अन्नातील एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाला शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने शत्रू समजून दिलेल्या प्रतिसादाला अन्नाची ॲलर्जी (अधिहर्षता) म्हणतात. तिचे सर्वांत तीव्र रूप म्हणजे ॲनाफिलॅक्सिस. त्यात अंगावर गांधी उठणे, ओठ व घसा सुजणे, उलट्या, श्वास लागणे, रक्तदाब घसरणे आणि शुद्ध हरपणे अशी लक्षणे काही मिनिटांत दिसू शकतात. त्वचेवर काहीही न दिसता थेट श्वसनाचा त्रासही सुरू होऊ शकतो. दमा असलेल्या मुलांमध्ये धोका अधिक असतो, शिवाय हा त्रास दम्याचाच आहे असा गैरसमज होण्याची शक्यता असते.

ॲड्रिनलिन (एपिनेफ्रिन) हा यावरील पहिला उपचार आहे. ते मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत टोचले जाते. वैद्यकीय प्रशिक्षण नसलेल्या व्यक्तीलाही ते देता यावे म्हणून ठरावीक मात्रा भरलेली स्वयंचलित इंजेक्शने मिळतात. त्यांत ०.१५ व ०.३ मिलिग्रॅम या मात्रा प्रचलित आहेत. ॲलर्जीच्या साध्या गोळ्यांनी खाज व गांधी कमी होतात, पण त्या ॲड्रिनलिनची जागा घेऊ शकत नाहीत. इंजेक्शन दिल्यानंतरही मुलाला रुग्णालयात न्यावे लागते, कारण लक्षणे काही तासांनी पुन्हा उद्भवू शकतात.

इतिहास

सब्रिना शॅननला दूध, शेंगदाणे आणि सोयाबीन यांची ॲलर्जी होती व तिला दमाही होता. इ.स. २००३ च्या सप्टेंबर महिन्यात पेम्ब्रोक येथील माध्यमिक शाळेच्या उपाहारगृहातून तिने बटाट्याच्या तळलेल्या फोडी घेतल्या. त्यानंतर तिला श्वास लागू लागला. हा दम्याचा त्रास असावा, असे सुरुवातीला वाटले. तिचे ॲड्रिनलिनचे इंजेक्शन तिच्याजवळ नव्हते, ते लॉकरमध्ये होते. ते आणेपर्यंत ती कोसळली होती. ३० सप्टेंबर २००३ रोजी तिचा मृत्यू झाला. चीजयुक्त पदार्थासाठी वापरलेल्या चिमट्यामुळे फोडींना दुधाचा अंश लागला असावा, असे मानले जाते.

तिच्या आईवडिलांनी शाळांसाठी बंधनकारक नियम असावेत, अशी मागणी केली. ब्रँट मतदारसंघाचे आमदार डेव्ह लेव्हॅक यांनी मांडलेले अशासकीय विधेयक प्रांतिक विधिमंडळाने संमत केले.

तरतुदी

कायद्यानुसार प्रत्येक शाळा मंडळाने ॲनाफिलॅक्सिसविषयी धोरण आखून ते राबवणे आवश्यक आहे. त्यातील मुख्य बाबी पुढीलप्रमाणे आहेत:

* वर्गात व शाळेच्या सामाईक जागांमध्ये ॲलर्जीकारक पदार्थांशी संपर्क कमी करण्याचे उपाय
* पालक, विद्यार्थी व कर्मचारी यांना माहिती देण्याची व्यवस्था
* विद्यार्थ्यांशी नियमित संबंध येणाऱ्या सर्वांना ठरावीक काळाने प्रशिक्षण
* प्रवेशाच्या वेळी जीवघेण्या ॲलर्जीविषयी विचारणा
* अशा प्रत्येक विद्यार्थ्यासाठी मुख्याध्यापकांनी तयार केलेली स्वतंत्र योजना आणि अद्ययावत नोंदवही

वैयक्तिक योजनेत ॲलर्जीचा प्रकार, टाळण्याची पद्धत, उपचार, आणीबाणीत करावयाची कृती, संपर्क क्रमांक आणि आवश्यक तेथे इंजेक्शन ठेवण्याची जागा नमूद करावी लागते. माहिती अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी पालकांची व विद्यार्थ्याची आहे.

विद्यार्थ्याला ॲनाफिलॅक्सिस होत आहे असे मानण्यास कारण असल्यास कर्मचारी पूर्वपरवानगी नसतानाही त्याला ॲड्रिनलिन देऊ शकतो. सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल त्याच्यावर नुकसानभरपाईचा दावा करता येत नाही. गंभीर निष्काळजीपणा मात्र याला अपवाद आहे. इंजेक्शन देताना वाटणारी कायद्याची भीती आणि त्यातून होणारा विलंब टाळणे, हा या तरतुदीचा व्यावहारिक परिणाम आहे.

पाळणाघरे

हा कायदा शाळांपुरता आहे. ऑन्टारियोतील परवानाधारक पाळणाघरांना 'चाइल्ड केअर अँड अर्ली इयर्स ॲक्ट, २०१४' अंतर्गत अशाच स्वरूपाचे धोरण व वैयक्तिक योजना ठेवाव्या लागतात. लहान मुलांना लक्षणे शब्दांत सांगता येत नाहीत, ती हातातील वस्तू तोंडात घालतात आणि एकमेकांचा खाऊ खातात. त्यामुळे तेथे देखरेखीला अधिक महत्त्व असते. खाण्यापूर्वी व नंतर साबण-पाण्याने हात धुणे परिणामकारक ठरते. केवळ निर्जंतुक द्रव चोळल्याने शेंगदाण्याची प्रथिने हातावरून पुरेशी निघत नाहीत.

अन्नबंदीविषयीचा वाद

कायद्यात कोणत्याही पदार्थावर सरसकट बंदी नाही. काही शाळा शेंगदाणे व सुकामेवा आणण्यास मनाई करतात. अशा बंदीमुळे सुरक्षिततेचा खोटा विश्वास निर्माण होतो, तसेच दूध, अंडी व गहू यांची ॲलर्जी असलेली मुले दुर्लक्षित राहतात, असा आक्षेप घेतला जातो. दुसरीकडे, लहान मुलांच्या पालकांना बंदीचा आधार वाटतो. मॅकमास्टर विद्यापीठातील सुसान वॉसरमन आणि सहकाऱ्यांनी इ.स. २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, कृतियोजना आणि शाळेत राखीव ॲड्रिनलिन ठेवणे यांची सशर्त शिफारस आहे. संस्थाभर लागू होणाऱ्या अन्नबंदीची मात्र शिफारस केलेली नाही. उपलब्ध पुरावा मर्यादित असल्याचेही त्यांत नमूद आहे.

संबंधित कायदे व नियम

* कॅनडात ऑगस्ट २०१२ पासून वेष्टनावरील ॲलर्जीकारक घटकांची नोंद अधिक कडक झाली. तेथील प्राधान्ययादीत शेंगदाणे, तीळ आणि मोहरी यांचा समावेश आहे. हे तिन्ही महाराष्ट्रीय स्वयंपाकातील नित्याचे घटक असल्याने तेथील मराठी कुटुंबांच्या डब्यांनाही ही यादी लागू पडते.
* अमेरिकेत इ.स. २०१३ च्या संघीय कायद्याने शाळांत राखीव ॲड्रिनलिन ठेवण्यास राज्यांना उत्तेजन दिले.
* इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०१७ पासून शाळांना डॉक्टरांच्या चिठ्ठीविना राखीव इंजेक्शने खरेदी करता येतात.
* न्यूयॉर्क राज्यात इ.स. २०१९ मध्ये पाळणाघरांसाठी 'एलायजाचा कायदा' झाला. दुधाची ॲलर्जी असलेल्या तीन वर्षांच्या मुलाला पाळणाघरात चीज सँडविच दिल्याने झालेला मृत्यू त्यास कारण ठरला.