कोणाचा वॉकीटॉकी कोणाशी बोलतो?

आपल्या पट्ट्यात गणवेशांची कमी नाही. दापोडीला लष्कराचं अभियांत्रिकी महाविद्यालय, देहूरोडला छावणी, सुदुंबऱ्याला एनडीआरएफची पाचवी बटालियन. शिवाय पिंपरी-चाकणचे पोलीस आणि अग्निशमनवाले. बहुतेकांकडे वॉकीटॉकी असतो, पण एकाचा दुसऱ्याशी बोलतोच असं नाही. प्रत्येक खात्याला सरकारने वेगळ्या लहरी नेमून दिल्यात. लष्कराचं बोलणं तर शत्रूला कळू नये म्हणून सांकेतिक असतं. ते बरोबरच आहे. अडचण होते ती संकटात.

१२ जुलै १९६१ आठवा. आपल्या आजी-आईंनी पानशेतचं नाव काढलेलं असेल. धरणाचं काम पुरतं झालेलं नव्हतं, पाणी मात्र चढत होतं. जवान रात्रभर वाळूची पोती रचत होते. सकाळी धरण फुटलं, मागोमाग खडकवासलाही गेलं आणि पाणी पुण्यात शिरलं. धोका धरणावरच्यांना रात्रीच दिसत होता. नदीकाठच्या कितीतरी घरांना तो कळला पाणी दारात आल्यावर. मग वीज गेली, टेलिफोनही बंद पडले. जवानांच्या कष्टांचं कौतुक आपण करतो, आणि करावंच. पण धरणावरची खबर पेठेतल्या बाईपर्यंत कोणी पोचवायची होती, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं. १५१ माणसं गेली. गाव जागेवर नाही, हे आधी ध्यानात आलं ते एसटीच्या चालकाच्या. एवढ्या यंत्रणा, आणि खबर आणली एसटीने!

२००५ च्या आपत्ती कायद्याने जिल्ह्याची सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांकडे दिली. लष्कराची मदत तेच मागतात. मग लष्कराचा अधिकारी आपला सेट घेऊन नियंत्रण कक्षात येतो. त्यावर ऐकलेलं शेजारच्या खुर्चीतल्या पोलिसाला तोंडी सांगतो, आणि पोलीस ते आपल्या सेटवर पुढे धाडतो. गटाची वही आणि बँकेचं पासबुक आपली सचिव समोरासमोर ठेवून जुळवते ना, तसंच. सचिव आली नाही तर हिशेब अडतो.

पोलिसांतही अशी कुंपणं होती. १५ ऑगस्ट २०१८ पर्यंत चाकण, आळंदी, तळेगाव, देहूरोड पुणे ग्रामीणकडे, तर भोसरी, निगडी पुणे शहराकडे. हद्द ओलांडली की नियंत्रण कक्ष बदलायचा. पिंपरी-चिंचवड आयुक्तालय झालं आणि ही ठाणी एका छत्राखाली आली.

१५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा पूल कोसळला, चौघांचा जीव गेला. तिथेही गावकरी, पोलीस, अग्निशमन, एनडीआरएफ अशा निरनिराळ्या हातांना एकाच पाण्यात काम करावं लागलं.

११२ वर पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका मिळते, पण त्यात लष्कर नाही. लष्कराला बोलावणारी खुर्ची जिल्ह्याला आहे, आणि तिथल्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७. गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर दोन्ही नंबर लिहून ठेवा.