व्हियोम, झाँ-बातिस्त

(७ ऑक्टोबर १७९८ – १९ मार्च १८७५). एकोणिसाव्या शतकातील अग्रगण्य फ्रेंच व्हायोलिनकार व जुन्या तंतुवाद्यांचा व्यापारी. जन्म फ्रान्सच्या व्होझ भागातील मीरकूर येथे. व्हायोलिन घडवणे हा या गावाचा पिढीजात धंदा. व्हियोमचे वडीलही त्याच व्यवसायात होते. १८१८ मध्ये तो पॅरिसला फ्रांस्वा शानो याच्याकडे कामाला लागला. पुढे सिमों लेते याच्याशी काही वर्षे भागीदारी करून त्याने स्वतःचे दुकान थाटले.

त्या काळी गिऱ्हाइकांची ओढ जुन्या इटालियन वाद्यांकडे होती. व्हियोमने स्त्रादिवारी व ग्वार्नेरी यांच्या व्हायोलिनांची मापे, लाकडाची जाडी, वॉर्निश यांचा कसून अभ्यास केला आणि हुबेहूब प्रतिकृती घडवल्या. पागानिनीच्या ‘कॅनन’ या व्हायोलिनाची त्याने केलेली प्रतिकृती पुढे पागानिनीचा शिष्य कामिल्लो सिव्होरी याच्याकडे गेली आणि मैफलींत वाजत राहिली. त्याच्या कार्यशाळेतून ३,००० हून अधिक वाद्ये बाहेर पडली. अर्थात त्यांत अनेक कारागिरांचे हात होते. दोमिनिक पेकातसारखे नामवंत गजकारही तेथेच तयार झाले.

१८५५ मध्ये त्याने लुइजी तारिसिओ या दिवंगत इटालियन संग्राहकाचा साठा वारसांकडून विकत घेतला. त्यात ‘मसीहा’ हे १७१६ चे स्त्रादिवारी व्हायोलिन होते. ते त्याने मरेपर्यंत विकले नाही. आज ते ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. हे व्हायोलिन व्हियोमनेच घडवले असावे, असा संशय विसाव्या शतकाच्या अखेरीस काहींनी घेतला. लाकडातील वार्षिक वलयांच्या तपासणीने मात्र ते लाकूड स्त्रादिवारीच्या काळाशी जुळते असे दाखवले. असा संशय घेतला जावा, यातच व्हियोमच्या कारागिरीची थोरवी दिसते.

ध्वनिशास्त्रज्ञ फेलिक्स साव्हार याच्या सहवासामुळे त्याला प्रयोगांचीही गोडी होती. पोकळ पोलादी गज आणि सुमारे साडेतीन मीटर उंचीचा तीन तारांचा ‘ऑक्टोबास’ ही त्याची नवनिर्मिती. या अवाढव्य वाद्याच्या तारांवर बोटे पोहोचत नसल्याने त्या तरफा व पायटे यांनी दाबाव्या लागत. ते प्रचारात आले नाही.

१८५१ च्या लंडन प्रदर्शनात त्याला सर्वोच्च पदक मिळाले. प्रतिकृतीकार म्हणून त्याला दुय्यम लेखणे अन्यायाचे ठरेल. अमेरिकन वादक हिलरी हान हिने दीर्घकाळ व्हियोमचेच व्हायोलिन वाजवले आहे.