गुडघे वाचवणाऱ्या डॉक्टर

जीवशास्त्राच्या तासाला बाईंनी फळ्यावर राणी व्हिक्टोरियाची वंशावळ काढली होती, आठवते? आई वाहक, मुलगा रोगी. दोन गुणांसाठी आपण ती पाठ केली. त्याच वर्गात आपला एक मित्र सुजलेला गुडघा घेऊन बसायचा. पी.टी.च्या तासाला तो पायरीवर बसे आणि आपण त्याला ‘नाटकी’ म्हणत असू. त्याला हिमोफिलिया होता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. त्याला विचारूनच हे लिहिते आहे.

हिमोफिलियात रक्त गोठवणारा एक घटक कमी असतो. बहुतेकांत आठवा, काहींत नववा. बाहेरच्या जखमेपेक्षा सांध्यात आतल्या आत होणारा रक्तस्राव अधिक छळतो. एकाच गुडघ्यात पुन्हा पुन्हा रक्त साचलं की कूर्चा झिजते आणि ऐन तारुण्यात पाय आखडतो.

स्वीडनमधल्या माल्मो शहरात डॉ. इंगा मारी निल्सन यांनी रुग्ण तपासताना एक गोष्ट हेरली. ज्यांच्यात हा घटक १ टक्क्याहून कमी, त्यांचे सांधे जातात. १ ते ५ टक्के असेल, तर ते बहुधा वाचतात. मग रक्तस्राव होण्याची वाट कशाला पाहायची? घटक आधीच, नियमित देऊन पातळी १ टक्क्याच्या वर ठेवली तर? स्टॉकहोममध्ये मार्गारेटा आणि बिर्गर ब्लोम्बेक यांनी रक्तद्रवातून वेगळा काढलेला अर्क हाताशी होता. १९५८ पासून निल्सनबाईंनी तीव्र हिमोफिलिया असलेल्या मुलांना तो प्रतिबंधक म्हणून द्यायला सुरुवात केली.

सुरुवातीला औषध अपुरं होतं. पुढे मात्रा वाढली, मुलं लहान वयातच उपचारावर येऊ लागली. १९९२ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पंचवीस वर्षांचा अनुभव प्रसिद्ध केला. वयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी उपचार सुरू झालेल्या मुलांचे सांधे जवळजवळ निरोगी होते. अमेरिकेत चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेल्या चाचणीने २००७ मध्ये तेच सिद्ध केलं.

माझ्या नोकरीत सर्व्हर कोसळल्यावर रात्रभर जागणाऱ्याचं कौतुक होतं. तो कोसळू न देणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं. निल्सनबाईंचं काम ह्या दुसऱ्या जातीचं.

आपला मित्र पायरीवर बसत होता, तेव्हा माल्मोतली त्याच्यासारखी मुलं शाळेत धावत होती. आजार एकच, फरक होता तो औषध वेळेवर मिळण्याचा. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश झाला, पण तोवर त्याचे दोन्ही गुडघे गेले होते.

आज तो संमेलनाला येतो आहे. म्हणूनच कार्यक्रम वरच्या मजल्यावरच्या सभागृहाऐवजी पटांगणात ठेवला आहे. भेटलात की ‘नाटकी’ म्हणून हाक मारू नका. मी त्याची माफी मागितली आहे. तुम्हीही वाटल्यास मागा. नाहीतर नुसते शेजारी बसा.