मोबाइल की कॅमेरा? एका शिलालेखातील आकड्याची गोष्ट

#थ्रेड

गडकोट, मंदिरे, वीरगळ यांच्या नोंदी ठेवू लागलेले मित्र एक प्रश्न हमखास विचारतात: मोबाइल पुरेसा आहे, की स्वतंत्र कॅमेरा घ्यावा? वरवर पाहता हा बाजारातला प्रश्न आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तो पुराव्याचा प्रश्न म्हणून सोडवावा लागतो. उदाहरणे बहुतेक अहिल्यानगर जिल्ह्यातील घेतो, कारण माझी पायपीट तिथलीच आहे.

आरंभ दमडी मशिदीपासून करू. नगरच्या भुईकोट किल्ल्याजवळची ही लहानशी निजामशाही वास्तू. साहिरखानाने ती इ.स. १५६७च्या सुमारास बांधली. किल्ल्याच्या बांधकामावरील मजुरांनी मजुरीतून एकेक दमडी दिली, म्हणून हे नाव पडले, अशी लोककथा आहे. तिथले दगडी कोरीवकाम अत्यंत नाजूक आहे. अशा उथळ कोरीवकामावर भर दुपारी ऊन पडले की सारे सपाट दिसते. सकाळी किंवा सायंकाळी तिरपे ऊन आले की प्रत्येक रेषेच्या कडेला बारीक सावली उभी राहते आणि नक्षी, अक्षरे दगडातून वर येतात. शिलालेख वाचणारा खरे म्हणजे सावलीच वाचत असतो.

मोबाइलची गैरसोय नेमकी इथे आहे. त्याच्या दृष्टीने सावली हा दोष आहे. चांगल्या मोबाइलचा मुख्य सेन्सरही जेमतेम १० × ७ मिलिमीटरचा असतो. मोठ्या कॅमेऱ्याचा ३६ × २४ मिलिमीटरचा. ही उणीव तो गणिताने भरून काढतो. आपण बटण एकदा दाबतो, तो अनेक चित्रे टिपतो, ती एकमेकांत मिसळतो, सावल्या उजळतो, उजेड मंद करतो, खरखर पुसतो आणि कडा ठळक करतो. सहलीच्या छायाचित्राला हे सारे उपकारक आहे. झिजलेल्या दगडावर मात्र छिन्नीची रेघ आणि दगडाचा नैसर्गिक खड्डा एकाच मापाचे असतात. यंत्र त्यांतले काय पुसेल आणि काय ठळक करेल, याचा भरवसा नाही. फारसी लेखात 'बे', 'पे' आणि 'ते' यांच्यात फरक केवळ नुक्त्यांचा. नागरी लेखात २ आणि ३ यांच्यात एका वळणाचा.

ही भीती अवाजवी वाटत असेल, तर २०१३ सालची एक घटना पाहा. डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले की कार्यालयांतील काही स्कॅनर कागदावरचे आकडे बदलत होते. ६च्या जागी ८ येत होता. स्कॅन अस्पष्ट असता तर कोणीही सावध झाले असते. तो स्वच्छ, रेखीव होता, फक्त चुकीचा होता.

अशी निवड आपल्या भागात पहिल्यांदा झाली ती एकोणिसाव्या शतकात. तेव्हा ती कुंचला आणि कॅमेरा यांच्यात होती. ईस्ट इंडिया कंपनीने अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम १८४४ साली रॉबर्ट गिलवर सोपवले. त्याने त्यासाठी वर्षानुवर्षे खर्च केली, आणि लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ साली लागलेल्या आगीत त्यातली बहुतेक चित्रे जळाली. दरम्यान गिलने कॅमेराही हाती घेतला होता. फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याची छायाचित्रे १८६४ साली पुस्तकरूपाने आली. त्यांत अजिंठ्याचा रंग नव्हता. कुंचल्याने रंग टिपला होता, पण त्यात चित्रकाराची नजरही मिसळली होती.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि लगेच १८५५ साली कॅप्टन थॉमस बिग्जला विजापूर, बदामी, ऐहोळे यांची छायाचित्रे काढण्याच्या कामगिरीवर पाठवण्यात आले. नकलाकारापेक्षा छायाचित्र अधिक बिनचूक, जलद आणि स्वस्त पडेल, हा कंपनीचा हिशेब होता. 'स्वस्त आणि झटपट' हा युक्तिवाद मोबाइलबरोबर आलेला नाही!

तो जुना कॅमेरा निर्दोष होता असे मुळीच नाही. त्या काळच्या रसायनाला निळा प्रकाश अधिक भावत असे, म्हणून आकाश पांढरेफटक उमटे. प्रकाशन लांबले की समोरून चाललेला माणूस चित्रातून नाहीसा होई. पण हे दोष ठाऊक आहेत आणि त्या तंत्राच्या प्रत्येक चित्रात सारखे आहेत. त्यामुळे आपण ते वजा करून वाचू शकतो. मोबाइलचे नियम दर अद्यतनाबरोबर बदलतात आणि ते आपल्याला कोणी सांगत नाही. माझा मुख्य आक्षेप हाच आहे. हेन्री कझिन्सच्या १९३१च्या दख्खनमधील मंदिरांवरील ग्रंथात पेडगावच्या लक्ष्मीनारायण मंदिराची आणि रतनवाडीच्या अमृतेश्वराची छायाचित्रे आहेत. ती हाती घेऊन त्या मंदिरांसमोर उभे राहा. कोणती मूर्ती तेव्हा शाबूत होती हे ताडून पाहता येते. आपली छायाचित्रे शंभर वर्षांनी कोणाच्या अशी उपयोगी पडतील?

आता मोबाइलची बाजू, आणि ती लंगडी नाही. दोन वर्षांपूर्वी श्रीगोंदे तालुक्यातील एका गावात, बारवेच्या पायऱ्यांजवळ, चार ओळींचा नागरी लेख दिसला. दिवस मावळत होता, कॅमेरा खोलीवर होता. मोबाइलने दोन छायाचित्रे घेतली आणि पुढच्या खेपेस नीट काम करू, असे ठरवून निघालो. पुढची खेप चार महिन्यांनी झाली. तोवर बारवेचे सुशोभीकरण होऊन तो दगड सिमेंटच्या गिलाव्याखाली गेला होता. म्हणजे मोबाइल नसता तर त्या लेखाचा मागमूसही उरला नसता. वीरगळांचे हेच होते. कधी ऑइलपेंट चढतो, कधी जीर्णोद्धारात दगड पायात जातो. कॅमेरा घेईपर्यंत थांबू, असे म्हणणाऱ्यासाठी दगड थांबत नाही. शिवाय मोबाइल स्थळ आणि वेळ आपोआप नोंदवतो. माझ्या कॅमेऱ्याचे घड्याळ बॅटरी काढल्यावर एकदा मागे गेले आणि पूर्ण दिवसाच्या नोंदी चुकीच्या तारखेवर बसल्या. केंद्रीय संरक्षित स्मारकांत तिपाई लावायला परवानगी लागते, मोबाइलला कोणी हटकत नाही. (अर्थात सलाबतखानाच्या कबरीच्या छायाचित्राखाली आपणच 'चांदबिबीचा महाल' लिहिले, तर कोणतेही उपकरण वाचवणार नाही.)

म्हणून माझे मत असे. केवळ भटकंती आणि पहिली नोंद करायची असेल, तर कॅमेऱ्याचे पैसे एसटीच्या तिकिटांवर खर्च करा. मोबाइलमध्ये 'प्रो' सोय असल्यास रॉ स्वरूपात चित्र घ्या. अक्षरे दिसत नसतील तर मित्राच्या मोबाइलचा टॉर्च दगडाच्या अगदी कडेने, तिरपा धरायला सांगा. शेजारी मोजपट्टी ठेवा. शिलालेख वाचनाकडे किंवा मोडी कागदांकडे वळणार असाल, तर जुना का होईना, वेगळा कॅमेरा घ्याच. मोडी कागदासाठी मोबाइलची 'स्कॅन' ॲप्स तर वापरूच नका. कागद पांढरा आणि शाई काळी करण्याच्या नादात ती फिकट फराटे नाहीसे करतात.

त्या बारवेच्या लेखात शक स्पष्ट आहे, पहिले दोन आकडे १६ आहेत, शेवटचा ४ आहे. मधला आकडा २ की ३, हे ठरत नाही. मोबाइलने तिथली खरखर पुसून दगड गुळगुळीत केला आहे. शके १६२४ म्हणजे इ.स. १७०२, औरंगजेब दख्खनेत लढत असतानाचा काळ. शके १६३४ म्हणजे इ.स. १७१२, तोवर भिंगारजवळ १७०७ साली त्याचा मृत्यू होऊन गेला होता. बारव ऐन धामधुमीत कोणी बांधली की मोगलांची छावणी उठल्यावर, हा सारा प्रश्न त्या एका वळणात अडकला आहे. माझ्या वहीत ते वर्ष अजून 'शके १६[२/३]४' असेच आहे.