धान्याची कुपने : इतिहासाचे एक साधन

जुनी नाणी, ताम्रपट, सनदा ही इतिहासाची साधने होत, हे आपण सहज मान्य करतो. परंतु हाताळून मळलेला, मूठभर धान्याचा आकडा छापलेला कागदाचा तुकडा समोर आला, तर त्याला साधन म्हणावे की रद्दी, असा संभ्रम पडतो. चीनमध्ये अशा तुकड्यांचे हौशी संग्राहक आज पुष्कळ आहेत. त्यांच्या संग्रहांत काय वाचता येते आणि काय वाचता येत नाही, ते आपण पाहू.

१९५३ साली चीनच्या सरकारने धान्याची खरेदी-विक्री आपल्या हाती घेतली. शेतकऱ्याने ठरीव भावाने सरकारास धान्य द्यावयाचे व त्यावर शहरे पोसावयाची, असा हा बेत. १९५५ साली शहरांतून माणशी शिधा ठरला आणि धान्याची कुपने निघाली. शिधा सर्वांस सारखा नव्हता. अंगमेहनत करणाऱ्यास अधिक, कचेरीतल्यास कमी, मुलांस वयाप्रमाणे.

घरचे धान्य आणावयास कुटुंबाची वही असे; ती आपल्या शिधापत्रिकेसारखीच. कुपनाचे काम निराळे. खाणावळीत भात घ्यावयाचा तर पैसे आणि कुपन, दोन्ही द्यावी लागत. प्रांताचे कुपन प्रांताबाहेर चालत नसे. प्रवाशाने कचेरीचे पत्र दाखवून देशभर चालणारी कुपने बदलून घ्यावयाची. म्हणजे हा चिठोरा माणसाच्या पोटाप्रमाणे त्याच्या पायांवरही हुकूम चालवी. शांघायमध्ये तर २५ ग्रॅमांचेही कुपन होते. एवढ्याशा वजनाचाही हिशेब राखावा लागे!

पण ही कुपने मुख्यतः शहरवासीयांची. १९५८ च्या नोंदणी कायद्याने खेडे आणि शहर यांतील भेद पक्का झाला. १९५९ ते १९६१ या वर्षांत, फुगवलेल्या पिकांच्या आकड्यांवर सरकारी वसुली होत राहिली आणि भीषण दुष्काळ पडला. मृतांविषयी अभ्यासकांचे अंदाज सुमारे दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. त्यांत बहुसंख्य खेड्यांतील होते; ज्यांनी धान्य पिकविले, तेच उपाशी मेले.

पुढे शेतीची व्यवस्था बदलली, धान्य वाढले. शिल्लक कुपने देऊन लोक खेडुतांकडून अंडी घेऊ लागले. १९८४ साली शेन्झेनने कुपने बंद केली. १९९३ साली बीजिंगसह बहुतेक ठिकाणी ती संपली.

आता संग्राहक त्यांवरील ट्रॅक्टरांची चित्रे आणि माओची वचने न्याहाळतात, दुर्मिळ कुपनास मोल देतात. त्यांच्या हौसेमुळेच हे कागद वाचले, याबद्दल आपण कृतज्ञ असावे. मात्र ज्याला कुपन मिळालेच नाही, त्याची खूण कोणत्याही संग्रहात सापडणार नाही. त्याची नोंद इतरत्र शोधून या कागदांशेजारी ठेवणे, हे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे. ते न केले, तर भुकेचा इतिहास पोट भरलेल्यांच्या कागदांवरूनच लिहिला जाईल.